फिकट निळी पेन्सिल

शाईकाकांचा कोणावर विश्वास नव्हता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात; काका पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. घड्याळ मागे पडलं, तर दुरुस्तीवाल्याने मुद्दाम जुना सेल घातला. फळवाल्याने हसून केळी दिली, तर ती आतून नक्की नासकी. बायको फोनवर हळू आवाजात बोलली, तर विषय आपलाच. बायको म्हणायची, "अहो, तासभर बोलावं एवढं तुमच्यात आहे तरी काय?" मग ती असं का म्हणाली, यावर काकांची दुपार जायची.

पण कोणी उगाच असा होत नाही. काकांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. रेघ मारताना श्वास कसा धरायचा, हे काका तिथे शिकले, आणि बाविसाव्या वर्षी 'वादळ्या'च्या कचेरीत लागले. वादळ्या म्हणजे त्या काळचा पोरांचा देव. वाऱ्यावर स्वार व्हायचा, एका फुंकरीत चोरांची गाडी उलटवायचा, आणि दर महिन्याला बत्तीस पानांत जगाचं भलं करून टाकायचा. पोरं त्याचं कॉमिक भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचायची. चित्रं काढायचे दादा, पेन्सिलीने. त्यावर शाई चढवायचे काका, टाकाने आणि कुंचल्याने. याला कोणी 'गिरवणं' म्हटलं तर काका त्याचं तोंड पाहत नसत. पेन्सिलीच्या दहा रेघांतली खरी कोणती, हे शाईवाल्याने ओळखायचं असतं.

दादा सकाळी यायचे आणि काका दुपारी, त्यामुळे दोघांची गाठ क्वचित पडायची. जे काही बोलायचं ते पानाच्या समासात, फिकट निळ्या पेन्सिलीने. तेव्हा छपाईसाठी पानाचा फोटो काढत, आणि त्या कॅमेऱ्याला फिकट निळा दिसतच नसे. दादांची पेन्सिल निळी, म्हणून ती पुसायला लागायची नाही. आणि समासातल्या गप्पाही निळ्या, म्हणून त्या छापून यायच्या नाहीत. लाल मात्र त्या कचेरीत पाप होतं. कॅमेरा लाल रंग काळा धरायचा. एका नवख्याने समासात लाल पेन्सिलीने मालकाला ढोल्या म्हटलं होतं, ते हजारो प्रतींत छापून आलं आणि नवखा गेला.

"काल पाचव्या पानावर वादळ्याला मिशी फुटली," असं दादा लिहायचे. "मिशी नाही, तुझ्या पेन्सिलीची घाण," असं काका खाली लिहायचे. काकांचे वडील गेले त्या दिवशी समासात एवढंच होतं, "आज घरी जा. पान मी बघतो." बावीस वर्षं हे चाललं. भाऊ भावाशी बोलणार नाही एवढं ते दोघे त्या बोटभर जागेत बोलले.

मग एका सोमवारी कचेरीला कुलूप. ना निरोप, ना चिठ्ठी. शुक्रवारी काकांनी अर्धं सोडलेलं पान आत, आणि काका बाहेर. मालकाने त्याच शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या पाठीवर थाप मारून "सोमवारी भेटू" म्हटलं होतं. त्या थापेपासून काकांचा माणसांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. पुढे दादाही वारले. काका औषधांच्या खोक्यांवर फुप्फुसं आणि शाळेच्या पुस्तकांत बेडकाची आतडी काढत राहिले. बेडकाला निदान संवाद नसतात, असं ते म्हणायचे.

अकरा वर्षांनी फोन आला. वादळ्या पुन्हा सुरू होतोय. नवा संपादक चाळिशीचा होता, भूगोलाच्या पुस्तकातून वर आलेला. "काका, शाई तुमचीच हवी. तुमच्या रेघेशिवाय तो वादळ्या वाटणारच नाही."

काकांनी फोन ठेवला आणि बायकोला म्हणाले, "यात काहीतरी काळंबेरं आहे."

"काम आलंय घरबसल्या, आणि म्हणे काळंबेरं," बायको म्हणाली. "जा मुकाट्याने."

काळंबेरं पहिल्याच दिवशी सापडलं, म्हणजे काकांना सापडलं. वादळ्याला एक जोडीदार दिली होती. तेरा-चौदा वर्षांची पोरगी, नाव ठिणगी. वादळ्याचं वय झालंय, आता तो दमतो, तेव्हा ही त्याच्याकडून विद्या शिकणार, अशी कथा होती. काकांनी कागद दोनदा वाचला. विद्या शिकल्यावर पुढे काय? शिष्य तयार झाला की गुरूची गरज कोणाला? सहाव्या अंकाचा शेवट तर लेखक सांगतच नव्हता. "गंमत राहू दे," म्हणायचा. वादळ्याला मारायला ही कार्टी आणलीय, हे काकांना त्या क्षणी दिसलं.

आणि दादांच्या खुर्चीवर कोण? तर तेवीस वर्षांची एक पोर. पेन्सिलकाम तीच करणार, आणि शाईची पानं मशीनमध्ये घालून छपाईला पाठवणारही तीच. ती उठून उभी राहिली, हसली, म्हणाली, "काका, मी लहानपणापासून तुमची रेघ बघत आलेय. मला खूप विचारायचंय तुम्हाला."

काकांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "विचारायचं काम नाही. आमच्याकडे तोंडाने बोलायची पद्धत नाही. जे असेल ते पानावर."

"पानावर म्हणजे?"

"समासात. निळ्या पेन्सिलीने. दादा तसंच करायचे."

पोरीने मान डोलावली, आणि त्या दिवसापासून खरोखरच तोंड मिटलं. काकांना त्याचाही संशय आला. एवढं ऐकणारी पोर आजकाल असते का?

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी काकांनी कोणालाच सांगितली नव्हती. वर्षभरापासून त्यांना दिव्यांभोवती कडी दिसायची. एकदा गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, पिकत चाललाय, साधं ऑपरेशन आहे. रंगांबद्दलही ते काहीतरी सांगू लागले होते, पण काका तोवर उठले होते. याने नवं मशीन घेतलेलं दिसतंय, गिऱ्हाईक शोधतोय, असा त्यांचा हिशेब. शिवाय शाईवाल्याचे डोळे गेले अशी कुणकुण जरी लागली, तरी कुलूप पडायला सोमवारचीही वाट बघावी लागणार नाही. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी चष्म्याच्या डबीत, कापडाखाली घडी करून ठेवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. जो माणूस स्वतः काही लपवतो, त्याला सगळं जग लपवाछपवी करताना दिसतं.

काम सुरू झालं. काळी शाई पांढऱ्या कागदावर काकांना स्वच्छ दिसायची, भिंगाखाली तर केसासारखी. पण पोरीची पेन्सिल अशी पुसट, की पानावर कोणीतरी नुसती फुंकर मारून गेलंय. दादा कसे ठसठशीत काढायचे! ही मुद्दाम पुसट काढते, आपली रेघ चुकावी म्हणून. काकांना शंकाच उरली नाही. पण तेही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. वादळ्याचं अंग-अंग त्यांना पाठ होतं. जिथे पेन्सिल दिसायची नाही तिथे ते आठवणीतून शाई ओढायचे. वादळ्या फर्मास उतरायचा. ठिणगी नवी, ती पाठ नव्हती. पण दादा गर्दीत जी शाळकरी पोर काढायचे, बटाट्यासारख्या गालांची, ती त्यांना येत होती. तेच तोंड ते ठिणगीला बसवून द्यायचे.

पेन्सिलीसुद्धा आता भेसळीच्या, असं काकांचं ठाम मत झालं. त्यांची स्वतःची निळी पेन्सिल, तीच जुनी कंपनी. लिहिताना हात आपोआप चालायचा, बघावं लागत नसे; पण लिहिलेलं दोन दिवसांत उडून जायचं. पान पुन्हा हातात घ्यावं तर समास कोरा. एकदा त्यांना वाटलं, पोरीनेच पेन्सिल बदलली. त्यांनी पेन्सिलीच्या बुडाला नखाने खूण करून ठेवली. खूण जागच्या जागी राहिली. पोर हुशार आहे, काका मनात म्हणाले, खुणेसकट बदलते.

एका अर्थी लिहिलेलं उडून जायचं ते बरंच होतं. कारण काका समासात लिहायचे ते दादांना. हात थांबतच नव्हता. बावीस वर्षांची सवय, पान समोर आलं की गोष्ट सांगावीशी वाटायचीच. दादा नाहीत हे काय त्यांना कळत नव्हतं? कळत होतं. पण घरी बोलावं तर बायको काळजी करणार, कचेरीत बोलावं तर चहाड्या होणार. दादांसारखं भरवशाचं माणूस आता कुठे मिळणार?

तिसऱ्या अंकानंतर संपादकाने सगळ्यांना बोलावून सांगितलं, "पाचवा अंक बाहेर पडला की ठरवू. सहाव्यापासून शाई हाताने ठेवायची की मशीनवर घ्यायची. वेळ कमी पडतोय. काकांचं काम आहे तोवर मला हातानेच हवंय, पण बघू."

'पण बघू' हे दोन शब्द काकांनी घरी जाईपर्यंत चघळले. त्यांची जागा आता त्या दोन शब्दांवर लटकली होती. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पोरीवर पाळत ठेवली. ती संपादकाच्या खोलीत किती वेळ जाते. काका मागून गेले की पडद्यावरचं चित्र झटकन का बंद करते. आणि अंक छापून आला की भीत भीत त्यांच्या तोंडाकडे का बघते. बायकोला त्यांनी सगळं सांगितलं.

"पोर चांगली दिसते," बायको म्हणाली. "परवा फोन आला होता तिचा. काकांची तब्येत कशी आहे, विचारत होती."

काका ताटावरून उठलेच. "तब्येत? माझ्या तब्येतीशी तिला काय करायचंय? मी कधी मरतो बघतेय ती!"

"तुम्ही आधी चष्म्याचा नंबर बदला. मिठाऐवजी साखर घेतलीत वरणात."

"डबे कोणी हलवले?" काका म्हणाले.

पाचवा अंक आला. आधीचे चार अंक नुसते चाळले होते; या वेळी काकांनी कपाटाच्या खणातून त्याची मूळ शाईची पानं काढली, पिशवीत घातली आणि घरी नेली. रविवारी भर दुपारी, खिडकीच्या उजेडात, एका हाताला मूळ पान आणि एका हाताला छापील पान ठेवून ते भिंग घेऊन बसले. तासाभरात त्यांचा चेहरा पडला, आणि मग फुलला. संशयी माणसाला पुरावा सापडतो ना, तेव्हा दुःख आणि आनंद एकदमच होतो.

रेघा बदलल्या होत्या. ठिणगीचा चेहरा त्यांनी काढला होता तो नव्हताच. नाक दुसरं, गाल दुसरे. चौदाव्या पानावर वादळ्याचा हातसुद्धा बोटभर सरकवलेला. त्यांच्या शाईत कोणीतरी हात घातला होता, आणि पानं छपाईला कोण पाठवतं? हातच्या कांकणाला आरसा कशाला? काकांनी भिंग पुसून डबीत ठेवलं. अकरा वर्षांपूर्वी ते कुलपासमोर गप्प उभे राहिले होते. या वेळी गप्प राहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

सोमवारी बैठक होती. संपादक, पोर आणि काका, तिघेच. संपादक तोंड उघडायच्या आत काकांनी सहा मूळ पानं आणि छापील अंक त्याच्या टेबलावर मांडला.

"निर्णय नंतर घ्या साहेब. आधी हे बघा. ही पोर माझ्या रेघा बदलते. माझी शाई खराब दिसावी आणि काम मशीनवर जावं म्हणून."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. "काका, ही पानं नका ना दाखवू. मी सांगते तुम्हाला सगळं. आपण बाहेर बोलू."

"बघा! लपवायचंय तिला! कर नाही त्याला डर कशाला?"

संपादकाने पहिलं पान उचललं. बराच वेळ बघितलं. दुसरं उचललं. मग त्याने पोरीकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि फार हळू आवाजात विचारलं, "काका, पेन्सिलीत ठिणगीचं तोंड इथे आहे. तुम्ही शाई इथे का दिलीत?"

"कुठे आहे पेन्सिल? काही दिसतंय का तिथे? मुद्दाम पुसट काढते ती!"

"पुसट नाहीये काका. चांगली गडद निळी आहे." संपादक थांबला. पान तिरकं करून समास बघू लागला. "आणि हे काय लिहिलंय? 'दादा, तुझ्या खुर्चीवर पोर बसलीय. खुर्ची पण आता वेगळी करकरते.'"

काकांनी पानाकडे हात पुढे केला. ते उडून गेलं होतं. ते तर कधीच उडून गेलं होतं.

संपादकाला थांबायला हवं होतं, पण माणूस वाचता वाचता वाचत जातो. "'दादा, ही मुद्दाम पुसट काढते.' 'दादा, वादळ्याला मारणार आहेत, बघ तू.' 'दादा, काल एकच चंद्र होता, मला दोन दिसले. मागे लिहिलं ना, डॉक्टर मोतीबिंदू म्हणतो. कोणाला सांगू नकोस.'" इथे मात्र त्याने पान खाली ठेवलं.

काकांनी स्वतःच्या हाताने, पिशवीत घालून, स्वतःच्याच पायावर पाडायला धोंडा आणला होता.

"तुला माहीत होतं?" संपादकाने पोरीला विचारलं.

"मशीनला निळं सगळं दिसतं, सर. पान घातलं की पडद्यावर येतं. मी ते पुसायचे आणि रेघा जागेवर आणायचे. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही काकांना..."

"आणि मला?" काका ओरडले. इतके दिवस आत कोंडलेलं सगळं त्या ओरडण्यात होतं. "मला का नाही सांगितलंस? माझ्या पाठीमागे माझीच पानं सुधारतेस? मी काय मेलोय का?"

"सांगितलं ना काका," पोर म्हणाली. "दर पानावर सांगितलं. तुम्हीच म्हणालात, तोंडाने बोलायची पद्धत नाही. तुम्ही उत्तरच द्यायचा नाहीत. मला वाटलं, रागावलात."

"कुठे सांगितलंस?"

तिने एका पानाच्या खालच्या समासावर बोट ठेवलं. काकांनी चष्मा काढला, भिंग लावलं, पान खिडकीकडे नेलं. कागद कोरा होता. कोरा, पांढरा, स्वच्छ. रविवारी दुपारभर ते याच कागदावर नाक टेकून बसले होते.

"वाच," ते म्हणाले.

आधीच्या अंकांतलं पोरीला तोंडपाठ होतं. "पहिल्या अंकात लिहिलं, 'काका, ठिणगीचा चेहरा असा नाही. माझी पेन्सिल फिकट होती का?' दुसऱ्यात, 'आता दाबून काढलंय. दिसतं का?' तिसऱ्यात, 'चेहरा मीच नीट केला, रागावू नका.' चौथ्यात, 'काका, दादांना नका सांगू पण मला सांगा. डॉक्टरांकडे मी येते बरोबर.' आणि हे पाचव्यातलं." तिने पान हातात घेतलं. "'याच्याहून गडद निळी पेन्सिल दुकानात मिळत नाही.'"

काका खाली बसले. त्यांना लाज वाटली. अशी लाज त्यांना कुलपासमोरही वाटली नव्हती, कारण तिथे चूक दुसऱ्याची होती. पाच महिने कोणीतरी त्यांच्याशी बोलत होतं, अगदी दादा बोलायचे त्याच जागी, आणि ते मेलेल्या माणसाकडे तिच्या चहाड्या करत बसले होते.

संपादकाने पानं एकावर एक रचली. "काका, मला वाईट वाटतंय. पण सहावा अंक मला मशीनवर घ्यावा लागेल. पेन्सिल दिसत नसेल तर शाई कशी देणार?"

"बरोबर आहे," काका म्हणाले. त्यांनी पिशवीची घडी घालायला घेतली.

पोरीने संपादकाच्या टेबलावर हात घातला. तिथे त्याची प्रुफं तपासायची लाल पेन्सिल पडली होती. तिने एक कोरा कागद ओढला आणि उभ्या उभ्या, दोन-तीन मिनिटांत, त्यावर ठिणगीचा चेहरा काढला. मग कागद काकांसमोर सरकवला.

"लाल?" काका दचकले. "वेडी का काय! छापून येईल ते!"

"नाही येत. मशीनमधून लाल काढता येतो काका, निळ्यासारखाच. कॅमेरा गेला कधीच. दिसतंय का?"

दिसत होतं. एक-एक रेघ, वळणासकट. डॉक्टर रंगांबद्दल सांगू लागले होते ते हेच असणार; मोतीबिंदू निळा खातो, लाल सोडतो. काकांनी टाक मागितला, शाई मागितली. श्वास धरला. हात त्यांचा कधीच बिघडला नव्हता. भुवई उतरली, गाल उतरले, बटाट्याचे नव्हेत, चांगले बसके, हट्टी गाल. नाक जरा वाकडं. मग ते ओठांपाशी आले आणि थांबले.

"हिचा एक दात पडलाय?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या अंकापासून," पोर म्हणाली. "वादळ्या तिला भेटतो ना, तेव्हाच ती पडलेली असते भिंतीवरून."

काका त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. पाच अंक, एकशे साठ पानं, त्यांनी या मुलीला वादळ्याची मारेकरी ठरवलं होतं, आणि तिचं तोंड ते आज पहिल्यांदा पाहत होते. रविवारी भिंगाखाली त्यांनी नुसता पुरावा पाहिला होता. त्यांनी दाताच्या जागी नेमकी शाई भरली. टाक पुसला. संपादक कागदावर वाकून बघत होता, तो 'पण बघू' म्हणाला नाही, नुसता म्हणाला, "सहावा अंक लाल पेन्सिलीने काढा. तारीख मी पुढे ढकलतो, पंधरा दिवस. पण ऑपरेशनची तारीख मला कळली पाहिजे."

काकांनी मान हलवली. मग त्यांनी चष्म्याची डबी उघडली, कापडाखालून डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि पोरीच्या हातात दिली. त्यांनी लाल पेन्सिल उचलली आणि सवयीने समासात लिहिलं, 'दादा, पोरीचा एक दात पडलाय. मला आज दिसला.'

खाली बोटभर जागा उरली होती. तिथे त्यांनी आणखी एक ओळ लिहिली आणि कागद तिच्याकडे फिरवला.

'पोरी, हे पुसू नकोस.'